दुसरा रिमोट आणि विटांचा कोट

मी एक जुना रिमोट आहे. टीव्हीचा नव्हे, पंख्याचाही नव्हे. टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमचा. आणि आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तुमचा हिरमोड व्हायला नको. त्या गेमला दोन रिमोट होते, आणि मी दुसरा.

मित्रांनो, पहिला काय नि दुसरा काय, त्यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. जो पहिला असतो त्यालाही असंच वाटतं. आम्ही दोघं एकाच साच्यातून निघालो. तोच राखाडी रंग, तीच दोन लाल बटणं, तेवढीच वायर. पण त्याच्या पोटावर मधोमध दोन काळी बटणं जास्तीची होती. एकाने गेम निवडायचा, दुसऱ्याने सुरू करायचा. माझ्या पोटावर त्या जागी नुसतं सपाट प्लास्टिक. सटवाईने त्याचं कपाळ लिहिलं आणि माझ्यापर्यंत येता येता तिच्या दौतीतली शाई संपली, असंच म्हणा. गेम सुरू करायचा तर त्याने, थांबवायचा तर त्याने. मी खेळायचो, पण त्याने सुरू केलं तर.

खोक्यात आम्ही थर्माकोलच्या दोन खळग्यांत शेजारी शेजारी पडलेले असायचो. तेव्हापासून मी त्याच्यावर जळतो. माझ्या सगळ्या आयुष्याची गोष्ट म्हणजे ही जळजळच आहे. ती मी तुमच्यापासून लपवणार नाही.

एका उन्हाळ्यात बाबारावांनी आम्हाला नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून विकत घेतलं. बाबाराव सिंचन खात्यात बाबू. त्यांचा मुलगा अंकित सहावीत वर्गात पहिला आला होता, त्याचं हे बक्षीस. महाल भागातल्या भाड्याच्या घरात खोकं उघडलं तेव्हा अंकितचा हात सरळ पहिल्यावर पडला. मग जे उरलं ते त्याच्या धाकट्या बहिणीला, हिमानीला मिळालं. नऊ वर्षांची होती ती. तिने मला दोन्ही हातांत धरलं आणि माझा वास घेतला. नव्या प्लास्टिकचा वास तिला आवडला असावा. मला कोणी निवडलं नाही, मित्रांनो, पण वास मात्र कोणीतरी घेतला. तेवढ्यावर मी पुष्कळ दिवस काढले.

दसऱ्याला अंकितच्या आईने, इंदुताईंनी, पाटावर अवजारं मांडली. विळी, कात्री, बाबारावांची सायकल दाराशी, आणि पोरांच्या हट्टापायी आमचा गेमही. त्यांनी मशीनला हळदकुंकू लावलं, पहिल्याला लावलं, आपट्याचं पान ठेवलं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि त्या उठून गेल्या. मी कोरडाच राहिलो. पहिल्याच्या कपाळावरचं ते कुंकू पुढे आठ दिवस पुसलं गेलं नाही. मी आठ दिवस ते पाहत होतो.

आता आमच्या कामाबद्दल सांगतो. त्या काळच्या गेमांची रीत अशी की कॅसेट लावायची, ती चालली नाही तर काढून तिला फुंकर मारायची, आणि मग खेळायचं. पण दोघांनी एकदम नाही. आधी पहिला खेळणार. तो मेला की दुसऱ्याची पाळी. आणि अंकित काही केल्या मरायचा नाही. त्याचं बोट फार चपळ. खड्डे ओलांडायचा, कासवं तुडवायचा, आगीतून पार व्हायचा. हिमानी मला मांडीवर घेऊन अर्धा अर्धा तास बसून राहायची. माझी लाल बटणं तशीच गार.

"मर ना गा दादा लवकर," ती म्हणायची.

आतून इंदुताईंचा आवाज यायचा, "भावाले मर म्हणते काय वं? जीभ झडून जाईन."

"आई, तो मरूनच नाही राहिला."

"मंग चांगलंच आहे ना," इंदुताई म्हणायच्या, आणि पोळी तव्यावर पडल्याचा आवाज यायचा.

अशा वेळी मी मनातल्या मनात हिमानीच्या सुरात सूर मिसळायचो. मर. मर. दुसऱ्याच्या मरणाकडे डोळे लावून बसणं, हेच माझं काम होतं. सांगायला लाज वाटते, पण होतं ते होतं.

अंकितला याद्या करायचा भारी नाद. घरातल्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून त्याने पक्क्या शाईच्या पेनाने एक यादी लिहिली होती. 'जगातले सगळ्यात भारी दहा गेम, आजपर्यंतचे.' जग म्हणजे आमच्या गल्लीत अदलाबदलीला मिळतील तेवढ्या कॅसेटी. पण पोराने लिहिलं ते दगडावरची रेघ समजून. पहिल्या नंबरावर उड्या मारायचा गेम, दुसऱ्यावर गाड्यांचा, मग कुस्तीचा, मग विमानांचा. सगळे एकट्याने जिंकायचे. आणि अगदी तळाशी, दहाव्या नंबरावर, विटांचा कोट.

विटांचा कोट हा एकच गेम असा होता की ज्यात आम्ही दोघं एकदम खेळायचो. खाली मधोमध लाल विटांचा कोट, त्यात एक इवलासा झेंडा. वरून शत्रूचे रणगाडे येणार. पहिल्याचा पिवळा रणगाडा, माझा हिरवा. दोघांनी मिळून कोट राखायचा. त्यात कोणाच्या मरणाची वाट पाहावी लागत नव्हती. त्या गेममध्ये हिमानीचा अंगठा माझ्यावर असा फिरायचा, जात्याचा खुंटा धरून बाई गात असावी तसा. त्या गेममध्ये मी दुसरा नव्हतो.

"दादा, हा दहावा काहून?" हिमानीने एकदा विचारलं.

"दहावा हीच मेहरबानी समज. त्यात एकटा माणूस जिंकूच नाही शकत. भारी गेम म्हणजे जो एकट्यानं जिंकता येते."

"एकट्यालेच जिंकायचं आहे तर मले काहून बसवतोस?"

"मी कुठं बसवतो? तूच येऊन बसते."

हिमानीने मला खाली ठेवलं, आणि दोन मिनिटांनी पुन्हा उचललं. जाणार कुठे बिचारी.

मग त्या वर्षीची दिवाळी आली. काटोलहून आत्याची पोरं आली, घर भरून गेलं. अंकितला चेव चढला. सगळ्यांसमोर त्याने शब्द दिला की विटांच्या कोटाचा शेवटचा टप्पा दोघांनी पार केला तर हिमानीने कपाटाच्या दारावर स्वतःच्या हाताने पहिला नंबर लिहायचा. त्या दारावर तिला आजवर एक टिंबही काढायची परवानगी नव्हती. तिने वेणी मागे टाकली आणि मला उचललं.

दुपारभर खेळ चालला. पोरं मधेमधे फराळाच्या ताटलीवर हात मारत होती. शेवटच्या टप्प्याआधी अंकितने खेळ थांबवला. थांबवणार तोच, काळं बटण त्याच्याकडे. म्हणाला, "दे इकडे, तो डावा कोपरा कसा मारायचा ते दाखवतो." आणि त्याने मला हिमानीच्या हातून घेतलं. त्याची बोटं गोड आणि चिकट होती. खोटं कशाला बोलू, मला तेही सुखाचं वाटलं. पहिल्याचा मालक मला धरून होता. पहिला जमिनीवर पडलेला होता. मी त्याच्याकडे वरून पाहिलं. असा योग पुन्हा आला नाही.

मग मी हिमानीकडे परतलो आणि शेवटचा टप्पा सुरू झाला. थोड्याच वेळात अंकितचा पिवळा रणगाडा उडाला. शत्रूचा एकच उरला होता. हिमानी एकटी, आणि मी तिच्या हातात. पोरांचे फराळाचे हात थांबले. साऱ्या नजरा आमच्या हिरव्या रणगाड्यावर. माझा जन्म ह्याच क्षणासाठी झाला असं मला वाटलं.

तेवढ्यात आत्याचा मोठा पोरगा म्हणाला, "पाह्य बे, अंकितनं कसं तयार केलं पोट्टीले."

मित्रांनो, माझ्या अंगात आग पेटली. खेळतो आम्ही, आणि कौतुक त्याचं. इथेही पहिलाच. मी मनात म्हटलं, पडू दे हा कोट. पडू दे, पण ह्याच्या नावाने जिंकला जाऊ देऊ नको. आणि त्याच क्षणी माझं लाल बटण आत गेलं ते वर आलं नाही. हिमानी कोटाची फट बुजवायला वळली होती, रणगाड्याचं तोंड कोटाकडे होतं. तोफ सुटत राहिली. एक वीट, दुसरी वीट, आणि मग झेंडा. आपल्याच गोळ्याने आपलाच कोट.

"रिमोट अडला," हिमानी म्हणाली. "दादा, बटण अडलं, मी नाही केलं."

अंकितने मला घेतलं, जमिनीवर दोनदा आपटलं. आपटल्यावर बटण वर आलं. "कुठं अडलं? चालून तर राहिलं," तो म्हणाला. "हारली तर हारली म्हण. रिमोटच्या नावानं काहून बोंबलते?"

आणि काटोलची पोरं हसली. हिमानीने पुन्हा कधी गेम खेळला नाही.

तिथेच संपलं असतं तर मी एवढं सांगत बसलो नसतो. पण त्या घरात त्या दिवसापासून एक म्हण जन्माला आली. 'हिमीचा कोट.' हिमानी सोळा वर्षांची झाली, स्कूटर शिकते म्हणाली, तर अंकित म्हणाला, "बाबा, शिकवा तिले, पण भिंत लांब पाहून. हिमीचा कोट आहे." तिच्या हातून दूध उतू गेलं, हिमीचा कोट. बारावीला दोन मार्कांनी नंबर हुकला, हिमीचा कोट. तिच्या लग्नात हळदीच्या दिवशी अंकितने हा किस्सा माइकवर सांगितला आणि कामठीची वऱ्हाडी मंडळी पोट धरून हसली. हिमानीही हसली. तिचं एवढंच म्हणणं होतं की बटण खरंच अडलं होतं, हे कोणीतरी एकदा मान्य करावं. पण सांगून सांगून गुळगुळीत झालेला किस्सा, तो कोण उघडून पाहणार?

आणि खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं. मी अडलो होतो. माझ्या मत्सराने. मला जिने वास घेऊन आपलं म्हटलं, तिच्याच माथ्यावर मी कोट पाडला होता.

पुढे घर बदललं. बाबारावांनी हुडकेश्वरला प्लॉट घेऊन घर बांधलं. लोखंडी कपाट आलं, मशीन फुंकर मारूनही चालेनासं झालं म्हणून भंगारात गेलं. अंकितने पहिल्या रिमोटला मात्र पुसून, वायर नीट गुंडाळून, बैठकीतल्या काचेच्या कपाटात ठेवलं. 'लहानपणची आठवण' म्हणून. मी एका पिशवीत, माळ्यावर, जुन्या पडद्यांच्या खाली. पिशवीच्या भोकातून आणि माळ्याच्या फटीतून बैठक दिसायची. पहिल्यावर उजेड पडायचा आणि मी पाहत राहायचो.

किती जणांवर जळलो म्हणून सांगू. संगणक आला, त्याच्या माउसवर जळलो, त्याला रोज कोणीतरी हात लावायचं. मोबाइल आले, त्यांच्यावर तर किती. त्यांना लोक जेवतानाही सोडत नव्हते. आणि अंकितची मुलगी वेदिका मोठी झाली तेव्हा घरात नवे रिमोट आले, काळे, बिनवायरचे, हातात धडधडणारे. दोन होते. आणि दोघांनाही सगळी बटणं. कोण पहिला कोण दुसरा, हे त्यांचं त्यांनाही सांगता येत नव्हतं. त्या दिवशी माझ्या वायरीच्या आतलं तांबं हिरवं पडलं असावं.

यंदाचा पोळा झाला आणि दुसरा दिवस उजाडला. नागपुरात ह्या एका दिवसाला दोन कामं असतात. सकाळी मारबत, म्हणजे रोगराई गावाबाहेर नेणाऱ्या पुतळीची मिरवणूक. घरातलं तुटकं-फुटकं, झिजल्या केरसुण्या, फाटकी पायताणं दाराबाहेर नेऊन टाकायची आणि इडा पीडा घेऊन जा म्हणायचं. आणि संध्याकाळी तान्हा पोळा. पोरं लाकडाचे नंदी सजवून आणतात, त्यांचे नंबर काढतात, आणि झडत्या होतात. झडती म्हणजे यमकं जुळवून म्हणायच्या चार ओळी, कोणाचं कौतुक, कोणाची खोडी. शेवटी सगळे मिळून 'हर हर महादेव' म्हणतात.

यंदा कॉलनीच्या मंडळाचा कारभार अंकितकडे होता. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या, पण याद्यांचा नाद गेला नव्हता. त्याने टूम काढली की नंदींचे नंबर झाल्यावर 'आजपर्यंतचा सगळ्यात भारी व्हिडिओ गेम' ठरवायचा. ज्याला जो गेम आवडतो त्याने त्याची झडती म्हणायची. ज्याला टाळ्या जास्त, त्याचा नंबर वर. टाळ्या ऐकायला खुर्चीत बाबाराव.

त्या सकाळी अंकितची बायको मिनल माळा आवरत होती. पिशवी झटकली आणि मी खाली पडलो. "हे काय आहे हो?" तिने विचारलं.

अंकित अंगणात कागद हातात घेऊन येरझारा घालत होता. त्याने मान वर करून पाहिलं. "तो दुसरा आहे. काही कामाचा नाही."

मिनलने मला केरसुणीसोबत फाटकाबाहेर ठेवलं. "घेऊन जा गं मारबत," ती म्हणाली, आणि आत गेली. काचेच्या कपाटात पहिला चमकत होता. मी तुटक्या चपलेशेजारी पडून होतो आणि अंकितची झडती ऐकत होतो. संध्याकाळसाठी तो घोकत होता.

"झेंडा रे झेंडा, कोटावरचा झेंडा,
शत्रू कोणी आला नाही, मोडला कसा दांडा?
गोळा नाही परक्याचा, तोफ घरची धडाडली,
हिमीनं आपली भिंत आपल्या हातानं पाडली."

ओट्यावर बसलेली वेदिका खो खो हसली. आणि त्याच वेळी फाटकाशी शेअर ऑटो थांबला. हिमानी उतरली. कामठीच्या एका शाळेत ती विज्ञान शिकवते. तान्ह्या पोळ्याला दरवर्षी माहेरी येते. शेवटच्या दोन ओळी तिने ऐकल्या होत्या.

"आत्या, तुझी झडती आहे," वेदिका म्हणाली. "दोनशे लोक हसतील बघ."

"तुले माहीत आहे काय हा किस्सा?"

"हो ना. तू तुझाच कोट पाडला. बाबा नेहमी सांगतात."

हिमानीने फाटकाला हात लावला. ती खाली पाहत होती. तिच्या पायाशी मी होतो. तिने मला उचललं, धूळ फुंकली, आणि नाकाजवळ नेलं. माझा वास आता काय राहिला असणार. पण तिने घेतला.

"दादा, हा अजून आहे? मले वाटलं, कधीच गेला असन."

"जाऊनच तर राहिला होता. मारबतीसंगं."

"घरात बारका पेचकस आहे का?"

"काहून?"

"शाळेत पोट्टे म्हणतात, मॅडम, चालून नाही राहिलं. मी म्हणते, आधी उघडा, मंग बोला." ती ओट्यावर बसली. "हाच एक उघडून पाहाचा राहिला."

मित्रांनो, आत काय निघणार होतं? माझा मत्सर. काळाकुट्ट, डांबरासारखा. तो आता सगळ्यांना दिसणार होता. मी मनात म्हटलं, उघडू नको गं. तुझ्या दादाची झडती परवडली, पण हे नको.

चार स्क्रू निघाले. झाकण वेगळं झालं. इंदुताईही चष्मा लावून येऊन बसल्या. लाल बटणाच्या रबराखाली तपकिरी, काचेसारखा घट्ट झालेला एक थर होता. हिमानीने पेचकसाच्या टोकाने तो टोकरला. त्यात बारीक बारीक पांढरट तंतू होते.

"खोबरं," हिमानी म्हणाली.

इंदुताईंनी तो तुकडा तळहातावर घेतला, उन्हात धरला. "आन् ही खसखस. करंजीचं सारण आहे हे. माह्यंच. साखर विरघळून गेली अन् मंग वाळली."

"आई, मले खोबरं कधी चाललं काय गं?"

"तुले? तू तर करंजी फोडून सारण मांजरीले टाकत होती."

इंदुताईंनी तो तुकडा परत झाकणात ठेवला. मग हिमानी भावाकडे न पाहता म्हणाली, "शेवटच्या टप्प्याच्या आधी तू घेतला होता हा. डावा कोपरा दाखवाले."

अंकितने हातातला कागद दुमडला. "हाव," तो म्हणाला.

"तुह्या हातात करंजी होती."

"असन." घडीवर नख फिरवत तो म्हणाला, "होती." आणि मग, "हिमे, अठ्ठावीस साल झाले त्याले. आता सोड ना."

"मी कवाच सोडलं असतं गा. तुम्ही लोकं सोडून नाही राहिले."

ती उठली आणि मिनलला भाजी चिरू लागायला आत गेली. माझी दोन शकलं ओट्यावर उघडी पडली होती, आणि अंकित त्यांच्याकडे पाहत उभा होता.

आणि मी? मित्रांनो, मला धड रडूही येईना. अठ्ठावीस वर्षं मी स्वतःला अपराधी समजत होतो, आणि माझ्या पोटात निघालं काय, तर चिमूटभर करंजी. माझ्या जळण्याने एक वीटसुद्धा पडली नव्हती. जो जळतो त्याला वाटतं की आपल्या आगीने गाव पेटेल. अरे, तिच्याने आपली स्वतःची वायरही गरम होत नाही. मत्सर होता, तो खरा होता. पण त्याच्या अंगात कसलाही जोर नव्हता.

हिमानीने दुपारी येऊन ओल्या फडक्याने मला आतून पुसलं आणि स्क्रू बसवले. संध्याकाळी तिने मला सोबत नेलं. वेदिकाच्या लाकडी नंदीच्या गळ्यातली बेगड थोडी उरली होती, ती वेदिकाने माझ्या वायरीला गुंडाळली. आयुष्यात पहिल्यांदा मी सजलो.

नंदींचे नंबर झाले आणि झडत्या सुरू झाल्या. कॉलेजात जाणारा प्रशिक पुढे आला. शंभर जण विमानातून छत्री घेऊन उतरतात आणि एकच उरतो, तो मोबाइलवरचा गेम त्याचा.

"छत्री रे छत्री, आभाळातली छत्री,
शंभर खाली उतरले, नाही कोणाची खात्री;
नव्याण्णव गेले घरी, उरला एकटा वाघ,
आई म्हणते जेव बापा, मंग येते मले राग."

केवढ्या टाळ्या. केवढ्या शिट्ट्या. मी बेगडीच्या आत जळालो. मग गाड्यांचा गेम झाला, क्रिकेटचा झाला, आणखी चार-पाच झाले. मग हिमानी उभी राहिली. मला हातात धरून.

"विटा रे विटा, लाल लाल विटा,
एकट्याच्यानं होत नाही, दोघं जणं उठा;
एक राखे दार, एक राखे वाडा,
पाहू मंग कोण म्हणते आमचा कोट पाडा."

तो गेम कोणाला आठवत होता? म्हाताऱ्या माणसांनी थोड्या टाळ्या वाजवल्या. बाबारावांनी कान देऊन ऐकलं आणि प्रामाणिकपणे सातवा नंबर दिला. सातवा. प्रशिकच्या मोबाइलकडे पाहून माझा पुन्हा तिळपापड झाला. पाहा, सकाळचं सगळं ज्ञान संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही.

सगळ्यात शेवटी अंकित. त्याच्या किश्शाची ख्याती कॉलनीभर होती, पोरं आधीच हसायला बसली होती. त्याने खिशातला कागद काढला, पाहिला, परत खिशात घातला. मग तो हिमानीकडे आला, तिच्या हातातून मला मागून घेतलं, आणि माइकपुढे गेला. त्याची बोटं ह्या वेळी कोरडी होती.

"साखर रे साखर, करंजीची साखर,
बहिणीच्या माथ्यावर फोडलं मी खापर;
सारे तिले हसले, तिनं नाही केला बोभाटा,
कोट पडला माह्या बोटानं, तिचा नव्हता वाटा."

कोणाला काही कळलं नाही. हसावं की नाही, म्हणून पोरं एकमेकांकडे पाहू लागली. मग इंदुताई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "हर बोला," आणि पाठोपाठ सगळे, "हर हर महादेव."

"झडती ठीक आहे," बाबाराव खुर्चीतून म्हणाले, "पण गेमचं नावच नाही घेतलं तू. नंबर कायचा देऊ?"

"नंबर नको बाबा."

वेदिकाने आत्याच्या कुशीत तोंड घालून विचारलं, "म्हणजे तू नव्हता पाडला?"

"नव्हता," हिमानी म्हणाली. बस, एवढंच. पण अठ्ठावीस वर्षांत हा शब्द ती पहिल्यांदाच असं बोलली की पुढून कोणी हसलं नाही. मला परत द्यायला अंकित जवळ आला तेव्हा ती म्हणाली, "शेवटची ओळ चालीत नाही बसली, दादा."

"तुले नावं ठेवायलेच पाह्यजे काय?"

"हाव. आता माही पाळी आहे."

निघताना तिने मला पर्समध्ये टाकलं. कोणाला विचारलं नाही.

आता मी कामठीला असतो, तिच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, पेचकसाच्या डब्याशेजारी. नवीन वर्ग आला की हिमानी मॅडम मला पहिल्या बाकावर ठेवतात. पोरं माझे चार स्क्रू काढतात, आत पाहतात, पुन्हा बसवतात. रोज वेगळी बोटं. ह्या टेबलावर पहिला-दुसरा असं काही नसतं. जे बिघडलंय ते आणि जे अजून उघडलं नाही ते, एवढाच भेद.

हुडकेश्वरला तो काचेच्या कपाटात आहे. चमकत असेल. पण गेल्या कित्येक वर्षांत त्याला कोणी हात लावलेला नाही. कधीकधी मला वाटतं, त्याला माझी बातमी लागली असेल आणि तो माझ्यावर जळत असेल. आणि मित्रांनो, तुमच्यापासून लपवायचं नाही असं ठरवलंच आहे, तर सांगतो: मला ते फार आवडतं.

तुमच्याकडे मात्र एक मागणं आहे. गोडाचा हात कशालाही लावू नका, तो धुऊन घ्या. आणि तुमच्याजवळचं कोणी जेव्हा म्हणेल की माझ्याकडून नाही झालं, काहीतरी अडलं होतं, तेव्हा हसायच्या आधी चार स्क्रू काढून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. माझ्या घरात त्याला अठ्ठावीस वर्षं लागली.